लहान आतड्याला लागलेली गळती

एकदा ठेवलेली वस्तू मी जन्मात विसरत नाही! फुशारकी म्हणा हवं तर, पण एकवीस वर्षं मी पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. चार हजार दोनशे बारा जिन्नस! माझे डोळे बांधा, मला गरागरा फिरवा आणि विचारा, "पाऊण इंची वॉशर कुठंय?" मी सांगणार, "सातवा रॅक, तिसरा कप्पा, उजवीकडून दुसरा डबा. झाकण घट्ट आहे, जरा जोर लावा!"

म्हणून लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मी गालातल्या गालात हसलो.

लेक आमची सहावीत. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली अजून कुणी पाहिलेली नाही. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. साबणाला फेस का येतो, मुंगीला धाप लागते का, जांभई संसर्गजन्य आहे का! पण परीक्षा म्हटलं की हीच पोरगी पालीसारखी भिंतीला चिकटते. हात गार, आणि पेपर समोर आला की डोक्यात फक्त पंख्याचा आवाज. विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'वर्गात छान बोलते, कागदावर काही उमटत नाही. गेल्या वेळी वीसपैकी सहा. या चाचणीत दहाच्या खाली गेली तर नियमाप्रमाणे विज्ञान मंडळातून नाव कमी करावं लागेल.'

मंडळ गेलं म्हणजे सूक्ष्मदर्शक गेला. आणि तो सूक्ष्मदर्शक म्हणजे भिंगरीचा जीव की प्राण! ती चिठ्ठी वाचून ती सरळ पलंगाखाली जाऊन बसली.

"बाहेर ये," मी म्हणालो. "तुझा दोष नाही. तुझ्या डोक्यात माल भरपूर आहे, पण रॅकच नाहीत! सगळा जमिनीवर पडलाय. बाबा लावून देतो."

"अहो, तिला पाठ होत नाही असं नाहीये, ती घाबरते," बायको म्हणाली. बायको नर्स आहे. शरीरातलं कुठलं काय कुठे असतं हे ती रोज हाताळते. त्यामुळे तिचा सल्ला घ्यायचा विचार अर्थातच माझ्या मनाला शिवला नाही.

धडा होता पचनसंस्थेचा. मी घरभर खडूनं खुणा केल्या. बाहेरचं दार म्हणजे तोंड. दाराशी चपलांचा स्टँड, ते दात. बोळ म्हणजे अन्ननलिका. स्वयंपाकघरातला फ्रिज म्हणजे जठर. त्याच्या शेजारी वॉशिंग मशीन, ते यकृत. साखरेचा डबा स्वादुपिंड. सिंकखालचा वेडावाकडा पाइप म्हणजे लहान आतडं आणि गॅलरीतली झाडांना पाणी घालायची नळी, ते मोठं.

"प्रश्न आला की डोळे मिटायचे, दारातून आत शिरायचं आणि चालत सुटायचं! दिसेल ते लिहायचं!"

"दिसेल ते?" भिंगरीनं विचारलं.

"दिसेल ते! डोकं चालवायचं नाही. डोकं चालवलं की घोटाळा होतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

आठ दिवसांत घराची भाषाच बदलली. "जठराचं दार नीट लाव गं, दूध नासेल!" "यकृतातले कपडे वाळत घाल!" "अहो, माझा युनिफॉर्म यकृतात निळा झालाय, तुमचे मोजे कुणी टाकले त्यात?" भिंगरी डोळे मिटून घरभर फिरायची, फ्रिजला थोपटायची आणि घडाघडा बोलायची. मी तिची तोंडी परीक्षा घेतली. वीसपैकी वीस! मी गोदामात सगळ्यांना सांगून टाकलं की एक स्वतंत्र शिक्षणपद्धती जन्माला येते आहे.

चाचणी सोमवारी. रविवारी सकाळी सिंकखालून पाण्याची चिळकांडी उडाली.

बायकोची ड्यूटी होती. मी प्लंबरला बोलावलं. हा प्लंबर म्हणजे अंगानं चांगला भारदस्त माणूस. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एक लांब सुस्कारा सोडला. "साहेब, एवढ्या अडगळीत मी शिरणार कुठून? सगळं बाहेर काढा."

आम्ही काढलं. फ्रिज हॉलमध्ये टीव्हीसमोर. वॉशिंग मशीन ढकलत ढकलत गॅलरीत. साखरेचा डबा कुणीतरी पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. मग प्लंबर उताणा होऊन सिंकखाली शिरला, छातीपर्यंत आत गेला आणि दिसेनासा झाला. भिंगरी शेजारी बसून त्याला पाने-पकडी देत होती आणि अर्थातच बोलत होती.

"काका, पाइपाला असा उतार का दिलाय?"

"उतार नसेल तर घाण पुढे सरकंल का? तुंबंल की!"

"मग मी उलटी लटकले तर माझ्या पोटातलं तुंबेल?"

प्लंबर आतून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, कारण मी गॅलरीत यकृताची वायर सोडवत होतो.

एवढ्यात कडाड्‌कन आवाज झाला आणि पाइपाचा तुकडा प्लंबरच्या हातात आला. भिंगरी धावत जिन्यात गेली. मला शोधत होती बिचारी! आणि तिथून जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा! लहान आतडं बाहेर आलं! काका म्हणतात, सडलंय! बादली आण, सगळीकडे सांडलंय!"

खालच्या मजल्यावरच्या काकू तेव्हा दारात पायपुसणं झटकत होत्या. आठवडाभर त्या आमच्या घरातून 'जठर', 'यकृत' असे शब्द ऐकत होत्या आणि आमच्यापैकी कोण जाणार आहे याचा अंदाज बांधत होत्या. त्यांनी पायपुसणं टाकलं आणि दवाखान्यात बायकोला फोन लावला.

"अगं, तुझ्या नवऱ्याचं आतडं बाहेर आलंय! घरीच काहीतरी करून घेतलंय मेल्यानं!"

माझी बायको एरवी बर्फाची लादी आहे. पण नवऱ्याच्या डोक्यात काय काय येऊ शकतं याचा तिला दांडगा अनुभव. तिनं 'शक्यच नाही' असं म्हटलं नाही. तिनं अँब्युलन्स घेतली!

पंधराव्या मिनिटाला दोन धिप्पाड वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आमच्या घरात शिरले. मी गॅलरीत, मशीनच्या मागे. त्यांना काय दिसलं? ओलीचिंब फरशी, तांबूस पाण्याची बादली, आणि सिंकखालून बाहेर आलेले दोन निपचित पाय!

"पेशंट सापडला!" एक ओरडला. दोघांनी एकेक पाय धरला आणि ओढला.

आतून आलेला आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही. म्हणजे शब्द सगळे मला येतात, पण लिहू शकत नाही. प्लंबर हातात पाना घट्ट धरून सरपटत बाहेर आला. त्याला वाटलं, कुणीतरी पळवून नेतंय!

"सोडा मला! मी काय केलंय!"

"शांत राहा, हलू नका, आतडं बाहेर आलंय तुमचं!"

"माझं नाही! यांचं! आणि मी आधीच सांगितलं होतं, ते गंजलंय म्हणून!"

मागून बायको धापा टाकत आली. तिनं प्लंबरकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, खडूच्या खुणांकडे पाहिलं. मग गॅलरीच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आनंदाचं होतं, असं मी स्वतःला आजही सांगतो.

प्लंबर कंबर धरून निघून गेला. जाताना म्हणाला, "नवा तुकडा मंगळवारी बसवतो. घरात मॅडम असतील तरच." त्यामुळे सामान होतं तिथेच राहिलं. रविवारची रात्र आम्ही हॉलमध्ये फ्रिजकडे बघत जेवलो. सोमवारी सकाळी भिंगरी शाळेला निघाली तेव्हा दारात थबकली. "बाबा, जठर टीव्हीसमोर आहे."

"असू दे!" मी म्हणालो. "पद्धत पक्की आहे!"

शुक्रवारी बाईंचा फोन आला. आई-वडील दोघांनी यावं.

वर्ग रिकामा होता. बाई टेबलामागे, आणि आम्हाला बसायला मुलांचे बाक. माझे गुडघे हनुवटीला लागले. बाईंनी चष्मा लावला आणि भिंगरीची उत्तरपत्रिका वाचायला घेतली. आवाजात कसलाही चढउतार नाही.

"प्रश्न पहिला. जठराचे स्थान सांगा. उत्तर: जठर पूर्वी यकृताशेजारी होते. रविवारपासून ते हॉलमध्ये आहे आणि त्याच्यामुळे टीव्ही दिसत नाही."

बायकोनं पदराचा बोळा करून तोंडात धरली.

"प्रश्न दुसरा. यकृताविषयी दोन वाक्ये लिहा. यकृत गॅलरीत आहे. त्याची वायर बाबा सोडवत आहेत. प्रश्न तिसरा. लहान आतड्याचे कार्य. लहान आतडे सध्या बंद आहे. खाली बादली ठेवली आहे. नवीन आतडे मंगळवारी येईल, आई घरी असेल तर."

बाईंनी चष्मा काढला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"बाई, मी दिसेल ते लिहिलं," भिंगरी पुटपुटली. "डोळे मिटले तर स्वयंपाकघरात काहीच नव्हतं." तिचे हात बाकाखाली एकमेकांत घट्ट अडकवलेले.  एवढीशी पोर, बापाचं ऐकायचं म्हणून शब्दन्‌शब्द ऐकला होता तिनं.

बाई उठल्या आणि तिच्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. पेपर त्यांनी उलटा करून ठेवला. "हे राहू दे. मला एक सांग, मी आठ वाजता सफरचंद खाल्लं. आता अकरा वाजलेत. कुठे असेल ते?"

भिंगरीनं वर पाहिलं. "सोलून खाल्लंत की सालीसकट?"

"सालीसकट."

"आणि चावून की घाईत?"

"घाईत. शाळा होती ना!"

"मग जठराला जास्त काम पडलं असेल, दातांचं काम पण त्यालाच! पण बरंचसं आता लहान आतड्यात गेलं असेल. तिथे त्यातलं कामाचं रक्तात जाईल. सालीचा चोथा नाही जाणार, तो पुढे मोठ्या आतड्यात." ती आता बाकावर उभी राहिली होती. "आणि बाई, तुम्ही उलट्या लटकलात ना, तरी चालेल! पाइपाला उतार लागतो, कारण त्याला ढकलता येत नाही. आतडं आवळून आवळून स्वतःच ढकलतं! प्लंबरकाकांना मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, असा पाइप मिळाला तर माझं काम सोपं होईल."

बाई हसू दाबत होत्या. "हे कुणी पाठ करून घेतलं?"

"कुणीच नाही. हे मला माहीतच होतं."

मला एकदम भरून आलं. मी मान ताठ केली आणि काहीतरी वडीलधारं बोलणार, एवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा बरं, अन्न पचायला सुरुवात कुठे होते?"

काय सांगू तुम्हाला! तळहात घामानं भिजले. कानात पंख्याचा आवाज सुरू झाला. तीन बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यातली एक साडेचार फुटांची.

"दारात," मी म्हणालो. "म्हणजे... चपलांच्या स्टँडपाशी."

भिंगरीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, घाबरू नको. हळू श्वास घे. येईल तुला." तिच्याइतकं हळुवारपणे मी तिला कधी असं म्हणालो होतो का, हे आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही.

बाईंनी ठरवलं की पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा चाचणी देईल. आधी दहा मिनिटं तोंडी गप्पा, मग तेच कागदावर उतरवायचं. मंडळातलं नाव तोवर तसंच राहील. आणि मला शिस्तीत सांगितलं, "तिला काय पाठ आहे ते मला नकोच आहे. तिला काय कळतं ते हवंय. तुम्ही आठवडाभर तिला काही शिकवू नका."

मी पाळलं! शपथेवर सांगतो, आठवडाभर चकार शब्द काढला नाही. भिंगरी आईशी बोलत बोलत अभ्यास करायची, मी गॅलरीत झाडांना पाणी घालायचो.

शुक्रवारी संध्याकाळी ती उड्या मारत घरी आली. वीसपैकी अठरा! सूक्ष्मदर्शक वाचला! बायकोनं पेपर हातात घेऊन डोळे पुसले, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"बाकी सगळं बरोबर आणि एवढं एकच कसं चुकलं? 'पित्त कोठे तयार होते?' अगं, यकृतात! तू पित्ताशय लिहिलंस? तिथे नुसतं साठवतात! हे कुणी सांगितलं तुला?"

भिंगरी बापाची अब्रू राखणारी पोर आहे. ती छताकडे बघत राहिली.

आता तुम्हीच सांगा, सकाळी शाळेच्या फाटकाशी पोरगी घाईघाईनं एवढंसं विचारते, तर बापानं काय गप्प बसायचं? आणि उत्तर तर नावातच होतं!