मिठूचा आणि बाटलीचा ढेकर

सौदी अरेबियातल्या नोकरीच्या बाराव्या वर्षी मी शेजाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलीच्या दप्तरात घरी आंबवलेल्या द्राक्षरसाची बाटली घातली आणि तिला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून टाटा केला.

मी सेफ्टी ऑफिसर आहे, हेही सांगून टाकतो. जुबैलच्या एका कारखान्यात दर रविवारी सकाळी हेल्मेट घातलेल्या माणसांना मी बजावतो, की बाबांनो, बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहा. माणसं माना डोलावतात. माझीही मान डोलते.

पण आधी खैरनारांबद्दल सांगायला हवं.

खैरनार माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे निफाडचे, प्रोसेस इंजिनिअर, वय छत्तीस, चेहरा नुकतंच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे होते. डाव्या खांद्यावर सात महिन्यांची मिठू. डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटणं चाललेलं. उजव्या हाताने ते तारेच्या क्लिपचं झाकण असलेली काचेची बाटली हळूहळू सैल करत होते. बाटलीतून फुस्स आवाज आला. दोन सेकंदांनी मिठूनेही ढेकर दिला. खैरनारांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर दोन रकान्यांत दोन बरोबरच्या खुणा केल्या.

"दोघींचा गॅस वेळेवर काढावा लागतो," ते कुजबुजले. "एक रडते, दुसरी फुटते."

त्या फ्रीजवरच्या कागदावर डावीकडे मिठूचं दूध, शी, झोप. उजवीकडे टी-वन, टी-टू, टी-थ्री. टी म्हणजे टँक. कारखान्यात टाक्यांना नंबर असतात तसे यांच्या घरी बाटल्यांना. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि तास. दुधाच्या बाटल्या ज्या यंत्रात उकळून निघायच्या त्यातच टी-वन ते टी-थ्रीची झाकणंही उकळायची. पाळण्याची दोरी त्यांनी पायाच्या अंगठ्याला बांधली होती, म्हणजे हात आलं किसायला मोकळे. थोरल्या, पाच वर्षांच्या इराचा अभ्यासही ओट्याशीच चालायचा. "सेव्हन प्लस टू?" विचारत ते साखर मोजत, आणि तिने चुकून आठ सांगितलं तर आठ चमचे पडत.

"वेळ कसा काढता हो एवढ्यात?" मी विचारलं होतं.

"प्रोसेसला सुट्टी नसते, पाठक साहेब."

हे त्यांचं कुठल्याही प्रश्नावरचं उत्तर होतं. लंगोट बदलतानाही तेच, बॉसच्या फोनवरही तेच.

त्यांची बायको मनीषा इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. तिची ड्यूटी सुरू तेव्हा यांची संपलेली. नवराबायकोची भेट बहुधा दारात, आणि तीही मिठूला या हातातून त्या हातात देण्यापुरती.

दर गुरुवारी संध्याकाळी मला बोलावणं यायचं. घरात शिरलो की खैरनार दाराला साखळी लावत. पडदे ओढलेले असत. फोन बंद करायला सांगत. मग टी-टू फ्रीजमधून निघायची आणि छोट्या ग्लासात जांभळं, फेसाळ, आंबटगोड काहीतरी ओतलं जायचं. सगळं बोलणं कुजबुजत. मी समजायचं ते समजलो. या देशात त्या गोष्टीला काय शिक्षा आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. तुरुंग, मग इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, मग मिळेल त्या विमानाने घरी. पण माझं बिऱ्हाड पुण्यात, इथे मी, टीव्ही आणि एक कुकर. आठवड्यातून एकदा अर्धा ग्लास. जायचो.

आणि चढायची हो मला. दुसऱ्या घोटाला कान गरम व्हायचे. मग मी बोलत सुटायचो. मुलगा फोनवर फक्त 'हं' म्हणतो, आई गेली तेव्हा मला तिकीट मिळालं नव्हतं, असलं काहीबाही. खैरनार मिठूला थोपटत ऐकायचे. निघताना मी दोन लवंगा चघळायचो, कठडा धरून जिना उतरायचो, आणि माझं घर त्याच मजल्यावर आहे हे आठवून परत वर यायचो.

असाच एक गुरुवार. ग्लासभर उरलं होतं. घरी न्यावं म्हटलं, पण जिन्यात कुणी पाहिलं तर? म्हणून मी इराची एक जुनी स्टीलची बाटली मागून घेतली, बदकाचं चित्र असलेली. तिच्यात ओतलं. तेवढ्यात बेल वाजली. मनीषा होती, पण मला वाटलं पोलीस. मी बाटली फ्रीजच्या दारात कोंबली आणि सोफ्यावर बसून पंख्याकडे बघत राहिलो. बाटली तिथेच राहिली. त्या घरातली चिकटपट्टी नसलेली ती एकमेव बाटली.

सोमवारी खैरनारांची सकाळची पाळी होती आणि मनीषाची ड्यूटी ऐनवेळी बदलली. मिठूला घेऊन ती हॉस्पिटलच्या पाळणाघराकडे निघाली. "साहेब, इराला तेवढं व्हॅनमध्ये बसवाल?" मला दुपारची पाळी. म्हटलं, त्यात काय. फ्रीजच्या दारातली बदकाची बाटली इराचं पाणी समजून दप्तरात घातली आणि टाटा केला.

खैरनार यादी करून गेले होते. त्यातला पाचवा मुद्दा मी व्हॅन गेल्यावर वाचला: 'पाणी. ओट्यावर. भरून ठेवलंय.'

ओट्यावर बदकाची नवी बाटली उभी होती. पट्टीवर लिहिलेलं, 'इरा, पाणी'. मी फ्रीज उघडला. दारातली जागा रिकामी होती.

खैरनारांना फोन लागणार नव्हता, कारखान्याच्या गेटवर फोन जमा करावे लागतात. तो नियम अमलात आणणारा मीच. मनीषाला सांगायची छाती नव्हती. पाण्याची बाटली घेऊन मी गाडीत बसलो. डोळ्यांपुढे खैरनार विमानात, मनीषा विमानात, मिठूचा पाळणा विमानात. तरीही ऐंशीच्या वर गेलो नाही. रस्त्यावर कॅमेरे आहेत.

गेटवरचा वॉचमन हैदराबादचा.

"कौन होना आपको?"

"इरा खैरनार. केजी टू."

"पप्पा हैं क्या आप?"

"अंकल."

"अंकल का कार्ड नहीं रहता साब. पप्पा का रहता."

मी माझं सेफ्टीचं कार्ड दाखवलं. त्यावर लाल अक्षरं असतात. त्याने काय वाचलं देव जाणे, पण ऑफिसपर्यंत सोडलं.

ऑफिसातल्या मॅडम केरळच्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाटली बदलली, ही घ्या आणि ती द्या. दोन वाक्यं. त्यात खोटंही काही नव्हतं. पण मनात चोर असलेल्या माणसाला खरं साधं वाटत नाही.

"मॅडम, बच्ची के बैग में दवाई की बोतल चली गई है."

मॅडमनी पेन उघडलं. "अच्छा. कितने चम्मच देना है?"

"देना नहीं है. लेना है."

"हाँ, वही. कब लेना है? खाने के बाद?"

"मॅडम, मुझे लेना है."

"आप बीमार हैं?"

त्याच वेळी डब्याच्या सुट्टीची घंटा झाली. मॅडमनी आयाला वर्गाकडे पाठवलं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळत चालला होता. कॉरिडॉरच्या टोकाला फट्ट असा आवाज झाला. मग पंचवीस-तीस पोरांची किंकाळी. मग सगळं शांत.

आया इराला घेऊन आली. पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून कमरेपर्यंत जांभळा ओघळ. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात झाकण. चेहरा मात्र वाढदिवसाला असावा तसा.

"अंकल, इट वेंट पॉप. एव्हरीबडी क्लॅप्ड."

मॅडमनी बाटली घेतली आणि नाकाशी नेली. मी डोळे मिटले. बारा वर्षं नीट केलेली नोकरी, आणि ती जाणार एका बदकापायी. तीही माझी एकट्याची नाही.

"जूस खराब हो गया है," मॅडम म्हणाल्या आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतलं. "पानी भेजा कीजिए. और दवाई कहाँ है?"

पाण्याची बाटली टेबलावर ठेवून मी निघालो.

दुपारच्या पाळीला मी आजारी असल्याचं कळवलं. ते खोटं नव्हतं. खैरनार साडेचारला आले तेव्हा व्हॅनमधून उतरलेल्या इराला घेऊन मी त्यांच्या दारासमोर पायरीवर बसलो होतो. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कुलूप उघडून आत गेले, इराला ओट्यावर बसवलं आणि तिची हनुवटी वर केली. डोळे पाहिले. ओठ पाहिले. समोरचे दात एकेक बोटाने हलवून पाहिले.

"झाकण तोंडाजवळ होतं का गं?"

"नाही बाबा. मी तर रेहानकडे पॉइंट केलं होतं."

खैरनार खालीच बसले.

"घाबरू नका," मी म्हटलं. "मॅडमना दारू आहे ते कळलंच नाही."

"कुठली दारू?"

मी फ्रीजकडे बोट दाखवलं.

"साहेब, दारू व्हायच्या आत, दोन दिवसांत फ्रीजमध्ये टाकतो मी ते. आल्याचं विरजण आहे. गॅस धरतो फक्त. इरा रोज अर्धा कप पिते. मला दोन मुली आहेत, मनीषाचं नर्सिंगचं लायसन्स आहे, वेडा आहे का मी?"

"आणि पडदे? साखळी? ते कुजबुजणं?"

"मिठू झोपलेली असायची."

मला ते सगळे गुरुवार आठवले. कठडा आठवला. लवंगा आठवल्या.

"मग सांगितलं का नाही मला?"

ते उठले, यंत्रातून झाकणं काढून एकेक पुसायला लागले. माझ्याकडे पाठ होती.

"पहिल्या दिवशी अर्धा ग्लास पिऊन तुम्ही तुमच्या आईबद्दल बोललात. दीड तास. मनीषाशी माझं बोलणं फ्रीजवरच्या कागदावर होतं. ऑफिसात टाक्यांची पातळी, घरी दुधाची पातळी. इतक्या महिन्यांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं." एक झाकण त्यांनी दोनदा पुसलं. "सरबत आहे म्हटलं असतं तर तुम्ही डायबेटिसचं कारण सांगून घरी गेला असता."

गेलो असतो. अगदी हेच कारण सांगून.

त्यांनी टी-वन, टी-टू, टी-थ्री बेसिनमध्ये ओतल्या. कागदावरचा उजवा रकाना पेनाने आडवा खोडला. "काचेची बाटली असती तर?" एवढंच म्हणाले. प्रोसेसबद्दल काही बोलले नाहीत.

त्या गुरुवारी बोलावणं आलं नाही. सात वाजता मी दार उघडून पाहिलं. समोर पडदे ओढलेले, आतून पाळण्याची कुरकुर. साडेसातला मीच बेल न वाजवता बोटाने टकटक केलं. खैरनारांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, साखळी काढली.

"काहीच नाहीये हो आता," ते कुजबुजले.

"चहा असेल ना?"

त्यांनी चहा टाकला, बिनसाखरेचा. मिठू त्यांच्या खांद्यावर होती. दुसऱ्या घोटाला माझे कान गरम झाले. मी त्यांना सांगायला लागलो, की काल मुलाने फोनवर 'हं'च्या पुढे एक अख्खं वाक्य म्हटलं, आणि सांगता सांगता माझा आवाज फाटला. खैरनार थोपटत ऐकत होते.

इरा ओट्याशी बेरजा करत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "अंकल चहा पिऊनपण सेमच करतात."