काकूंनी नवीन हेड घेतलं नाही

"हेड गेलंय," मेकॅनिक म्हणाला.

"कुणाचं?" व्हॅनवाल्या काकूंनी विचारलं. गेला अर्धा तास त्यांचे यजमान आणि मेकॅनिक जे काही बोलत होते ते ऐकल्यावर हा प्रश्न रास्तच होता.

मेकॅनिकने ऑइलची पट्टी उपसून दाखवली. काळ्या ऑइलऐवजी तिला दुधाळ चहासारखं काहीतरी चिकटलं होतं. इंजिन तापलं होतं, त्यावरचं हेड वाकलं होतं आणि पाणी ऑइलमध्ये शिरलं होतं.

काकू अठरा वर्षं त्याच व्हॅनमधून मुलांना शाळेत सोडत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही खाडा केला नव्हता. सध्या सुट्टी होती म्हणून बरं. पण नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी सातला, अकरा मुलं अकरा दारांशी दप्तरं घेऊन उभी राहणार होती. व्हॅन आली नाही तर त्यांचे आईबाप संध्याकाळपर्यंत दुसरी व्हॅन शोधणार, यात काकूंना शंका नव्हती. त्यांच्या जागी त्या असत्या तर दुपारीच शोधली असती.

"नवीन हेड बसवून अडतीस हजार," मेकॅनिक म्हणाला. "हेच दुरुस्त केलं तर चौदा."

"मग विचारायचं काय त्यात? चौदा!"

"काकू, अडतीस नक्की आहेत. चौदा साधारण आहेत."

हा शब्द काकांच्या कानाला खटकला. काकूंच्या कानावरून तो निघून गेला, कारण तेवढ्यात धाकटे दीर तिथे हजर झाले होते. दिरांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि कुणाची गाडी बंद पडली की त्यांना बरोबर वास लागायचा.

"वहिनी, नवीनच घ्या. आपलंच दुकान आहे. घरचा भाव लावतो."

घरचा भाव काकूंना ठाऊक होता. मागे क्लचप्लेट त्यांनी घरच्या भावात घेतली होती. शेजारच्या टेम्पोवाल्याला तीच प्लेट परक्याच्या भावात तीनशेने स्वस्त पडली.

"नको भाऊजी. दुरुस्तच करून घेते."

"अहो, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला होईल!" म्हणून दीर खदखदून हसले. ते हसले नसते तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते हसले आणि काकू इरेला पेटल्या.

हेड उतरवून लेथवाल्या आजोबांकडे नेलं. साठ वर्षं मशिनवर काढलेला माणूस. त्यांनी हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, एक डोळा मिटला आणि पट्टीखालून येणारा उजेड काकूंना दाखवला. "एवढं वाकलंय. घासून सरळ करू. पण आधी धुवायला हवं, वर कोळशाची खाण आहे. धुण्याचे आठशे."

"धुण्याचे आठशे? आजोबा, घासायची कामं मी जन्मभर फुकट केलीत. आणा इकडे!"

बारा किलोचं हेड जुन्या चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून काकू बसमध्ये चढल्या. एका बाईने लगबगीने उठून जागा दिली.

"झोपलंय का? किती महिन्यांचं?"

"अठरा वर्षांचं," काकू दम खात म्हणाल्या. "आणि झोपलेलं नाही, बंद पडलंय."

त्या बाई पुढच्याच थांब्यावर उतरल्या.

घरी काकूंनी हेड टबात ठेवलं, गरम पाणी ओतलं आणि तुंबलेले पाइप मोकळे करायची पावडर अख्खी रिकामी केली. जे औषध पाइप साफ करतं ते हेड का करणार नाही? औषधाने काम सुरू केलं. टब फसफसायला लागला, वाफ दाराबाहेर आली, पाठोपाठ काका आले.

"अहो... म्हणजे अगं, ते श्वास घेतंय!"

"घेऊ दे. घाण निघतेय."

घाण निघाली. तिच्यासोबत बरंच काही निघालं. चांदीसारखं दिसायला हवं होतं ते हेड काळं ठिक्कर पडलं आणि अंगावर देवी आल्यासारखे खड्डे उठले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी चादर उलगडली आणि खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "बाई, हे ॲल्युमिनियम आहे. ती पावडर ॲल्युमिनियम खाते."

"पण स्वच्छ झालं ना?"

"झालं. इतकं स्वच्छ झालं की आतली चीर दिसायला लागली." दोन व्हॉल्व्हच्या मधे केसाएवढी रेघ होती. "वेल्डिंग करावं लागेल. पाच हजार."

चौदाचे एकोणीस झाले. वेल्डिंगच्या आचेने व्हॉल्व्ह ज्यावर बसतात त्या कड्या सैल झाल्या. कड्या बदलायच्या तर व्हॉल्व्ह ज्या नळ्यांतून वरखाली होतात ते जुने गाइडही बदलायला हवेत, नाहीतर नव्या कड्यांचा उपयोग नाही. एकोणीसचे सव्वीस झाले. खड्डे जावेत म्हणून आजोबांनी हेड जरा जास्त घासलं, तर ते इतकं पातळ झालं की हेडखाली बसणारं नेहमीचं गॅस्केट चालेना. जाड गॅस्केट दुसऱ्या गावाहून मागवावं लागलं. एकोणतीस.

गुरुवारी काका जेवता जेवता थांबले. ते निवृत्त गणितशिक्षक, पहिल्या दिवसापासून नव्या हेडच्या बाजूचे. "हे बघ, अजूनही थांब. नवीन घेऊ."

"आत्तापर्यंत किती गेले?"

"सोळा."

"मग नवीन घेतलं तर सोळा अधिक अडतीस. किती झाले?"

"चोपन्न," काका म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं, त्यांना ते नाकारता येईना.

"आणि हेच पुढे नेलं तर एकोणतीस. करा वजाबाकी."

काकांनी केली. त्या दिवसापासून नाइलाजाने का होईना, पण ते जुन्या हेडच्या बाजूला आले. शुक्रवारी इंजिनातला एक जुना बोल्ट आतच तुटला आणि तो कोरून काढायचे चार हजार झाले, तेव्हा "तरीही परवडतंय," असं काकाच सर्वांआधी म्हणाले. बोल्टांचा नवा संच घेतल्यावर आकडा साडेपस्तिसावर गेला.

शनिवारी सकाळी काकू कारखान्यात पोहोचल्या तर आजोबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. आदल्या दिवशी ते पायरीवरून घसरले होते. हेड तयार होतं, व्हॉल्व्ह तयार होते, पण प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या कडीवर घासून घट्ट बसवायचा बाकी होता. ते काम हातानेच करायचं असतं.

"दुसऱ्या कुणाकडे न्या," आजोबा म्हणाले. "दोन हजार घेईल. पण बुधवारशिवाय देणार नाही."

"सोमवारी सातला मला पहिलं मूल घ्यायचंय. तुमचा हात मोडलाय, तोंड चालतंय ना? सांगा, मी करते."

आजोबांनी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. त्यांनी मुकाट्याने घासायच्या पेस्टची डबी पुढे सरकवली.

व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, डोक्याला रबरी टोपीची काठी चिकटवायची आणि ती दोन तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची. मधूनच उचलायची, थोडी वळवून पुन्हा टेकवायची. खर्र, खर्र असा आवाज येतो. आवाज मऊ झाला की काम होत आलं. कडीवर करडी, अखंड रेघ उमटली पाहिजे.

पहिल्या व्हॉल्व्हला काकूंना दीड तास लागला. "तुटक आहे," आजोबा म्हणाले. पुन्हा केला. "अजून तुटक." तिसऱ्यांदा आजोबा नुसते चहा सांगून आले. संध्याकाळपर्यंत चार झाले. रविवारी सकाळी उरलेले चार. तळहातांना फोड आले तेव्हा काकूंनी रुमाल बांधला आणि आवाज ऐकत राहिल्या. आता न बघताही त्यांना कळायला लागलं होतं.

मग आजोबांनी डाव्या हाताने रॉकेल ओतलं. व्हॉल्व्ह नीट बसला नसेल तर तिथून रॉकेल झिरपतं. काकाही डबा घेऊन आले होते; तिघं खाली वाकून पाहत राहिले. सात कोरडे निघाले. आठव्याखाली एक थेंब लोंबकळला.

"एका थेंबाने काय होतंय?" काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी लगेच पेस्टची डबी उघडून दिली. पाऊण तासाने आठवाही कोरडा निघाला.

"बाई," आजोबा म्हणाले, "माझ्या हाताखाली एवढी माणसं शिकली. कुणी थेंबासाठी परत बसलं नाही."

दुपारी मेकॅनिकने हेड चढवलं. व्हॅन पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि इतकी शांत चालली की तो दोनदा वाकून बघून आला, खरंच चालू आहे का म्हणून. सोमवारी सातला दोन मिनिटं असतानाच काकूंनी पहिल्या दारासमोर हॉर्न वाजवला.

संध्याकाळी दीर आले. चौकशीच्या मिषाने आले होते, पण आकडा ऐकायला आले होते, हे उघड होतं. "साडेपस्तीस!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे वाचवले अडीच हजार, आणि त्यासाठी आठवडाभर हाल!"

काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात दारात औषधांच्या दुकानाचे मालक येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी काकूंच्याच व्हॅनमधून जायची.

"काकू, तुम्ही हेड दुरुस्त केलंत म्हणे. माझ्याही गाडीचं गेलंय. नवीन घेऊ की दुरुस्त करू? तुम्ही सांगाल ते."

काका छताकडे बघायला लागले. आता वहिनी तावातावाने जुन्या हेडची बाजू घेणार म्हणून दीर सरसावून बसले.

"नवीन घ्या," काकू म्हणाल्या.

"काय?" तिघांच्याही तोंडून एकदम निघालं.

"नवीन घ्या. दुरुस्तीत वेळ जातो, मनस्ताप होतो आणि खर्चाचा नेम नाही. हे माझे दीर, यांचं दुकान आहे."

दिरांनी खिशातून कार्ड काढलं, पुढे केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच वहिनींकडे आदराने पाहिलं.

औषधवाले आभार मानून उठले. काकू त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेल्या आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "जुनं मात्र भंगारात टाकू नका हं. माझ्याकडे आणून द्या."

"तुम्हाला कशाला?"

"किती व्हॉल्व्हचं आहे?"

"सोळा."

"सोळा!" काकू म्हणाल्या आणि हाताला बांधलेला रुमाल सोडून फोड कितपत सुकलेत ते बघायला लागल्या.