आमची जुई, खेळते आपली

डावा पाय.

ओहायोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नमध्ये दुपारचे तीन.

सुक्या मिरच्या सात, मोहरी मूठभर, खडेमीठ.

राखीव खेळाडूंचा बाक नेहमी ओला असतो.

“आपल्या लेकराचं आपल्या तोंडाने कौतुक करू नये.” हे संध्याच्या आईचं वाक्य, साताऱ्याचं. पासपोर्ट नसतानाही ते इथवर आलं होतं.

बुधवारी दुपारी तीन वाजता हे सगळे तुकडे एका लॅपटॉपसमोर जमू लागले. जुई शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मैदानाच्या डाव्या बगलेवरून फुटबॉल खेळायची. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघात तिच्या जागेवर एकच मुलगी घ्यायची होती आणि जुईला ती जागा दोन वर्षांपासून हवी होती. कोच डेब्राने तिचा खेळ पाहिला होता. आता तिला फक्त जुईच्या आईशी, संध्याशी बोलायचं होतं. संभाषण इंग्रजीत झालं, पण संध्याचं इंग्रजी साताऱ्याहून विचारून येत होतं.

“घरी कशी आहे जुई? मेहनती?”

“कसली मेहनती! तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही.”

समोर बसलेल्या जुईने डोळे मिटले.

“तिच्या वेगाबद्दल काय सांगाल?”

“आमच्यात कोणी खेळाडू नाही हो. धावते आपली. तिच्या टीममधली ती फेम्के बघा! काय गुणी पोरगी. पावसापाण्याची सायकलवरून येते. आमच्याकडे कारलंसुद्धा खाल्लं तिने.”

“दू नॉर्माल, आई!” जुई पुटपुटली. ‘जरा नीट वाग’ असं इथली मुलं एकमेकांना सांगतात; आईला सांगत नाहीत.

“फेम्के,” कोचने लिहून घेतलं. “तिच्या आईचा नंबर मिळेल?”

संध्याने दिला.

संध्याकाळी संध्याचा नवरा सुबोध ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता थांबला. “नंबर दिलास?”

“मागितला त्यांनी. नाही कसं म्हणायचं?”

“अगं, फेम्के जुईच्याच जागेवर खेळते! राखीव आहे ती!”

“मग बिचारीला मिळायला नको का कधी?”

“बाबा, शी सोल्ड मी,” जुई म्हणाली. “फॉर कारलं.” आणि मग ती रडली. तेव्हा कुठे संध्या घाबरली.

सुबोधने मेल लिहून शुक्रवारचा दुसरा कॉल मिळवला आणि तालीम सुरू केली.

प्रयत्न एक. “म्हण, माझी मुलगी उत्कृष्ट आहे.” — “माझी मुलगी बरी आहे.”

प्रयत्न दोन. “उत्कृष्ट.” — “तशी उत्कृष्ट म्हणजे… लोक म्हणतात.”

प्रयत्न सात. “माझी मुलगी उत्कृष्ट आहे. पण स्वयंपाकघरात फिरकत नाही.”

शुक्रवारी कोच पडद्यावर आली. संध्याने खुर्चीची कड घट्ट धरली आणि एका दमात म्हणाली, “माझी मुलगी उत्कृष्ट आहे. तिच्यासारखी दुसरी नाही.”

सुबोधने अंगठा वर केला. संध्याचा मात्र चेहरा उतरला. एवढं बोलून झाल्यावर दृष्ट लागणार नाही तर काय? “एक मिनिट हं,” म्हणून ती उठली, मिरच्या, मोहरी, मीठ मुठीत घेऊन जुईवरून ओवाळलं आणि तापलेल्या तव्यावर टाकलं.

घर ठसक्याने भरलं. छतावरचा धुराचा अलार्म किंचाळू लागला. सुबोध टॉवेल हलवत खुर्चीवर चढला. जुई डोळे पुसत लॅपटॉपसमोर आली.

“जुई,” कोचने हळूच विचारलं, “तू सुरक्षित आहेस ना?”

“ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती!” मागून खोकत खोकत आवाज आला.

सोमवारी मेल आली. जुईने ती मोठ्याने वाचली. कोच फेम्केच्या आईशी बोलली होती. ती बाई डच, त्यामुळे विचारल्यावर खरं बोलली होती: फेम्के आळशी आहे, जुईच जास्त चांगली आहे, तिलाच घ्या. पुढे कोचने लिहिलं होतं, ‘जुईला घरी कौतुकाचा शब्द मिळत नाही आणि तो उच्चारताना तिच्या आईला किती त्रास होतो, हे मी पाहिलं. अशा घरातून येऊन जी मुलगी इतकी सुंदर खेळते, ती आमच्या संघात हवीच. इथे तिच्यासाठी समुपदेशकही असेल.’

“म्हणजे घेतलं ना?” संध्याने विचारलं.

“हो आई. मेनली बिकॉज ऑफ यू.”

“बघ! आणि तुम्ही मला कौतुक करायला लावत होतात.”

तिने लगेच पुण्याला बहिणीला फोन लावला. “कुमुदिनी, ऐक ना. जुईला घेतलं अमेरिकेत. छे गं, कसलं काय! जागा रिकामी पडली असेल. ते जाऊ दे, तुझा सारंग काय म्हणतो? तो खरा हुशार.”

मागच्या मार्चमध्ये, जुईला पाडलं म्हणून मैदानात घुसून रेफरीशी मराठीत भांडल्याबद्दल, क्लबने एका पालकाला दोन सामन्यांची बंदी घातली होती. ती संध्या होती.