मोतीरामजींनी उजवलेली घरं

अमरावतीत घरांची दलाली करणारे पुष्कळ होते, पण ‘घर विकलं’ असं ज्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही असा दलाल एकच, मोतीरामजी. ते घर ‘उजवायचे’. घर म्हणजे पोरगी, घेणारा म्हणजे स्थळ आणि घरमालक म्हणजे पोरीचा बाप. बुधवाऱ्यातलं एखादं घर बरेच दिवस रिकामं पडलं की मोतीरामजी सुस्कारा टाकून म्हणायचे, “बाप्पा, वय वाढून राहिलं पोरीचं.”

मूळचे चांदूर बाजारचे, भाजीमळ्यातले. अंगात काळा कोट, तो भर उन्हाळ्यातही निघत नसे. पायात करकरणाऱ्या वहाणा. मोतीरामजी आले हे गल्लीला आधी कानांनी कळायचं.

होळी ते पाडवा हा त्यांचा हंगाम. कापसाचा पैसा हाती आलेला असायचा आणि खेड्यात पिढ्या काढलेल्या लोकांना एकदम अमरावतीत घर हवंसं वाटायचं. पोरांच्या शाळा, कोर्टकचेऱ्या, सगळं इथंच. सकाळी पाहिलेलं घर संध्याकाळी दुसऱ्याचं झालेलं असायचं. आणि त्या धांदलीत हा माणूस गिऱ्हाइकाला घराचे दोष आधी सांगायचा. “डाव्या डोळ्यात जरा खोट हाये” म्हणजे डावी खिडकी मिटत नाही. “पावसाळ्यात सर्दी होते” म्हणजे मागची भिंत ओल धरते. बाकीचे दलाल कपाळावर हात मारायचे. मोतीरामजींचं म्हणणं एवढंच, “लपवून कावून द्याची? उद्या वापस आली त कोन पाहीन तिच्याकडं?”

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर माझं रडणं तरी वाचलं असतं.

आमचे हे शाळामास्तर. अकोल्याहून बदली होऊन आम्ही अमरावतीला एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. पाडव्याला खोली रिकामी करा म्हणून घरमालकानं टुमणं लावलं होतं. सासूबाई अकोल्यालाच. लग्नाला वर्षं होत चालली तरी माझी कूस उजवली नव्हती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर सासूबाईंचा निरोप यायचा, मास्तरानं आता दुसरी पाहावी. त्यावर हे नुसतं ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’चा मला भारी राग यायचा.

एका संध्याकाळी मोतीरामजी पहिल्यांदा आमच्याकडे आले. मी आत भाकरी थापत होते. बाहेर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं.

“एक पोरगी नजरेत हाये, मास्तर. वय तीस, पन बांधा मजबूत. बाप अकोल्याले पोराकडं चालला, म्हनून घाई. एक जिनवाला शेठ बी मांगं लागला हाये. तुमी मनावर घ्या.”

“पण एवढ्यात हिला नको सांगायला,” हे म्हणाले. “आधी मी पाहून येतो.”

“ते बराबर. आन जुनीचा मोह आता सोडा. पाडव्याले तिले सोडाच लागते.”

माझी भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली. मी विशी नुकती ओलांडलेली, आणि हे माझ्यावर तिशीची घोडनवरी आणणार! खरं सांगते, रडू नंतर आलं, संताप आधी. दोन दिवस मी ह्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. हे पडले मास्तर. त्यांना शांतता आवडायची, त्यामुळे त्यांना काही खटकलंच नाही.

तिसऱ्या सकाळी मोतीरामजी टांगा घेऊन दारात हजर. “चला मास्तर, पोरगी पाहाले.”

मी ट्रंक घेऊन बाहेर आले. म्हटलं, “आधी मला परतवाड्याच्या मोटारीत बसवून द्या. तिथं भाऊ आहे माझा. मग खुशाल तिशीची आणा नाहीतर चाळिशीची.”

हे आ वासून उभे. मोतीरामजींना मात्र चटकन कळलं. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. टोपी काढून उंबऱ्याशी बसले.

“बाई, मी घराचा दलाल हाओ. राजापेठेत एक घर हाये, तीस वर्षांमांगं बांधेल. तेच पोरगी. जुनी म्हंजे तुमची ही खोली. पन तुमच्या मनात असं आलंच कावून?”

मी ट्रंकेवर बसकण मारली आणि सासूबाईंचं सगळं सांगून टाकलं. मोतीरामजींनी ट्रंक आत ठेवायला लावली आणि मलाही टांग्यात बसवलं.

घर मला बघताक्षणी आवडलं. ऐसपैस स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. पण शेठनं भाव चढवून ठेवला होता. त्याच्या जिनात कापसातून निघणारी सरकी त्याला तिथं भरायची होती. म्हातारा मालक डळमळत होता. मोतीरामजी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

“तुमच्या घरवालीनं जन्मभर ही चूल सारवली. तिच्यावर सरकीची पोती टाकाची काय?”

म्हाताऱ्यानं उठून चुलीच्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाला, “मास्तरालेच देऊन टाका.”

बाहेर आल्यावर मोतीरामजींनी ह्यांना थांबवलं. “घर तुमचं झालं, मास्तर. पन कागद बाईच्या नावानं होईन. नाई त मी साक्षीले उभा राहात नाई.”

हे चाचरले. “आई काय म्हणेल?”

“माह्या मायनं बी लय म्हटलं होतं. पोर होत नाई म्हनून माह्या बायकोले तिनं घरातून काढलं. मी ओसरीत पान लावत बसलो. तिच्या भावाच्या घरी, गोठ्याच्या बाजूले राहे. तिले वापस आज आनू, उद्या आनू म्हनत मी दिवस काढले. तिकडंच मेली. दुसरी काई मी केली नाई, पन त्याचा तिले काय उपेग?”

ह्या वेळी हे ‘हं’वर थांबले नाहीत. कचेरीत कारकुनानं घेणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा ह्यांनी माझं नाव घेतलं, स्पष्ट, वर्गात हजेरी घ्यावी तसं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते मी तेव्हाच ऐकलं.

पुढे सासूबाई राहायला आल्या. भाजी निवडता निवडता त्यांनी दुसरीचा विषय काढला. मी म्हटलं, “आणा की. फक्त ती राहील कुठं तेवढं ठरवा, हे घर माझं आहे.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मूल मला झालं नाही. लोक अजून विचारतात, म्हणून सांगून टाकते.

मोतीरामजी अधूनमधून चहाला यायचे. एकदा मी विचारलं, “तुमच्या बायकोचं नाव काय होतं हो?”

त्यांनी कप खाली ठेवला.

“सोनाबाई,” ते म्हणाले. “कचेरीत किती लोकायची नावं लिहाले सांगतली, बाई. हे एक कधी सांगतलं नाई.”