थंडी, शनिवार आणि सॉसेज

मुलाखतीला जाताना स्वतः केलेलं एखादं काम दाखवायला न्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. बेंडिगोतल्या डेअरीच्या हिशेबखात्यातून माझी गच्छंती झाल्यापासून आलेली ही पहिलीच मुलाखत, तीही डेटा अॅनालिस्टची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरी कोण बोलावणार? 

बायको, ग्लेनिस, शाळेचं कॅन्टीन सांभाळते. शाळेच्या मदतीसाठी काही शनिवारी फाटकाशी शेगडी लावून पावात सॉसेज विकतात. त्या विक्रीचे आकडे मी संगणकात घातले आणि थक्क झालो. एरवी फुटकळ विक्री, पण मे महिन्यातल्या एका शनिवारी अख्खं गाव लोटलेलं. मे म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात थंडी. म्हणजे थंडीत माणसाला सॉसेज लागतं! येत्या शनिवारी तर त्याहून कडाका पडणार होता.

ग्लेनिस शेगडी माझ्यावर सोपवून मिल्ड्युराला बहिणीकडे गेली होती. मी फोन केला.

"खाटकाला सहापट माल सांगितलाय."

"सहापट? कशावरून?"

"ते तुला नाही समजायचं. त्याला मॉडेल म्हणतात."

शनिवारी थंडी अशी पडली की माझं मॉडेल धन्य झालं. गिऱ्हाईक म्हणाल तर फुटबॉल खेळून आलेली चार पोरं, एक पाद्री आणि एक कुत्रा. (तो दोनदा आला.) उरलेल्या मालाने आमचा फ्रीझर भरला, शेजाऱ्यांचा भरला. बाकीचा बर्फ घालून बाथटबात ठेवला. संध्याकाळी ग्लेनिस परतली ती थेट अंघोळीला गेली.

"मर्व्ह," आतून शांत आवाज आला, "टबात कोण आहे?"

मी सगळं सांगितलं.

"तुझी मुलाखत होऊ दे. मग बोलू."

हा दिलासा होता की धमकी, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी मुलाखत घेणाऱ्या तिघांसमोर मी आलेख मांडला. (परवाचा शनिवार त्यात नव्हता.) मधल्या रोवेनाबाईंनी मे महिन्यातल्या त्या उंच रेघेवर बोट ठेवलं.

"मर्विन, या शनिवारी निवडणूक नव्हती का?"

"असेल. मी राजकारणात पडत नाही."

"पण मत दिलंत ना? नाहीतर दंड बसतो."

"दिलं की."

"कुठे?"

"त्याच शाळेत." मी पुन्हा त्या रेघेकडे बघितलं.

"रांग मोठी होती?"

"फाटकाबाहेरपर्यंत."

"मग रांगेत उभ्या उभ्या काय केलंत?"

"सॉसेज खाल्लं," मी म्हणालो. "दोन."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"या अंदाजावर कुणी माल तर मागवला नाही ना?" बाईंनी हळूच विचारलं.

मी फ्रीझरचं आणि टबाचं सांगून टाकलं. मग मात्र हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. नोकरी दुसऱ्याला दिली होती. "पण शुक्रवारी ऑफिसात जेवण आहे," त्या म्हणाल्या. "फ्रीझरमधला माल द्याल का विकत?"

"देतो की. तुमच्याकडे साधारण किती माणसं—"

"तुम्ही अंदाज बांधू नका, मर्विन. आम्ही मोजून कळवू."