विहिरीवरची फळी

खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरची विहीर १९६३च्या उन्हाळ्यात ढासळली. कठडा आत गेला. उरलेल्या काठावर दोन फळ्या टाकून बाया पाणी ओढू लागल्या. बाब गंभीर असल्यामुळे भुरीबाई तालुक्याच्या कचेरीत हजर झाली.

"साहेब, हीर पडी गयी. फळ्या हालतीस. कोनी तरी मरी जाई."

कारकून रूपचंद घरी हीच अहिराणी बोलणारा. तो म्हणाला, "मावशी, माले समजनं. पन हापिसले समजनं नही. शुद्ध मराठीमा अर्ज आन."

कचेरी तत्पर होती. आठ दिवसांत पाड्यावर माणूस आला. गवंडी नव्हे, मी. व्याकरण-शिक्षक!

बाया पाण्याला तर येणारच, म्हणून प्रौढवर्ग विहिरीपाशीच भरवला. खडू होते, फळा नव्हता. मागणीपत्र धाडलं. उत्तर आलं, 'स्थानिक साधनसामग्रीचा वापर करावा.' मग विहिरीवरची रुंद फळी उचलली, तिला काजळी फासली, झाला की फळा! डोकं लागतं हो, उगाच नाही मास्तर झालो.

"गुरुजी, आते आमी उभं कोठे ऱ्हावानं?" भुरीबाईनं विचारलं.

"आधी वाक्य शुद्ध करा," मी म्हणालो.

सहा महिने बाया एका फळीवर उभ्या राहून पाणी ओढत होत्या आणि विभक्ती घोकत होत्या. मग साहेब तपासणीला आले. विहिरीकडे पाठ करून त्यांनी फळा पाहिला, 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारला आणि प्यायला पाणी मागितलं. भुरीबाई लगबगीनं ओढायला गेली. उरलेली फळी तिच्यासकट आत गेली.

दोर टाकून तिला वर काढलं. आठवड्यानं दवाखान्यातून तिच्या हातचा अर्ज आला:

'गुरुजींस नमस्कार. माझा पाय मोडला आहे. आता तरी आमची फळी परत द्यावी. दुसरी कोणी पडू नये. भुरीबाई.'

काय सांगू, माझे तर डोळेच भरून आले. एक चूक नाही! दहापैकी दहा दिले. साहेबांनी अर्ज काचेत बसवून धुळ्याच्या प्रदर्शनात लावला. रूपचंदला आवक नोंद करता आली नाही, कारण प्रदर्शनातली वस्तू टपालात मोडत नाही.

लोक थांबून अर्ज वाचतात. 'किती साधं, किती काळजाला भिडणारं!' म्हणतात आणि पुढच्या दालनात जातात. तुमच्याही काळजाला भिडलं ना? छान. जा आता पुढच्या पानावर. फळी माझ्याकडेच आहे, उद्या सकाळी वर्ग आहे.