माझ्या बदलाचे पाच दिवस

मी एकदा ठरवलं की ठरवलं! सतरा वर्षं पाणीपुरवठा खात्यात एकाच टेबलाशी बसून जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढतोय. आयुष्यही तसंच झालं होतं, गाडलेलं आणि सरळ रेषेत. म्हणून कुणाला न सांगता निश्चय केला: रोज एक छोटा बदल. आठवडाभरात नवा माणूस!

सोमवारी जेवताना खुर्ची बदलली. बायको दचकली. मंगळवारी तिच्या आधी उठून चहा केला. तिने कप घेतला आणि चहात पाल पडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं! बुधवारी कपाट आवरलं.

"हे बघ, घराची कागदपत्रं या खणात, चाव्या इथे. पुढेमागे तुला शोधत बसायला नको."

"मी कशाला शोधत बसेन?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तसं नाही गं. आपलं सहज!"

गुरुवारी ताईला, म्हणजे परगावी राहणाऱ्या मोठ्या बहिणीला, फोन लावला. आमचा फोन म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर कुणाचं तरी ऑपरेशन.

"कोणाला काय झालं?" तिने उचलताच विचारलं.

"कोणाला काही नाही. तुझी आठवण आली."

तिने घाईघाईने फोन ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी ताई बॅग घेऊन दारात! आत आली आणि तिने थेट मला मिठीच मारली. ताईने! जिने लहानपणी मला फक्त बखोटीला धरलं होतं!

मग दोघी स्वयंपाकघरात कुजबुजू लागल्या. मी डोकावलो तर चिडीचूप. बायको डोळे पुसत होती.

"कांदा चिरतेय," ती म्हणाली.

ओट्यावर कोबी होता.

मागच्याच आठवड्यात मी रक्त तपासायला दिलं होतं आणि रिपोर्ट आणायला बायको गेली होती. 'सगळं ठीक आहे' म्हणाली होती. पण कसल्या आवाजात म्हणाली होती? आठवेना! आरशात जीभ पाहिली. जिभेसारखीच होती, पण आधी कशी होती ते कोणाला माहीत!

बाहेर आलो तर ताई म्हणाली, "तू बस रे राजा, मी ताट आणते."

राजा! संपलंच म्हणजे सगळं.

मी बायकोचा हात धरला. "मला सगळं कळलंय," मी म्हणालो.

ती हुंदके देऊ लागली. म्हणजे खरंच होतं!

"जायच्या आधी एक सांगतो. तुझ्या बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तुझ्या भावाने नाही फोडलं. मी फोडलं. तो झोपला होता, तुकडे त्याच्या उशाशी सरकवले."

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हापासून आमच्या घरी त्या बिचाऱ्याच्या हाती काचेची वस्तू कोणी दिलेली नाही. चहासुद्धा स्टीलच्या पेल्यात!

"जाऊ दे हो," ती रडत म्हणाली. "आता त्याचं काय!"

मग दोघींनी मला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला.

"ठणठणीत आहेत हे! रडताय कशाला?"

"अहो, चहा करतात!" बायको म्हणाली.

"मला आठवण आली म्हणून फोन करतो!" ताई म्हणाली. "निरवानिरव चाललीय याची, आणि आम्हाला आजार सांगत नाही!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घालून रोजच्या बदलांचं सांगून टाकलं. डॉक्टर टेबल बडवून हसले.

"अजून तीस वर्षं तरी हे कुठे जात नाहीत!"

ताई हसली. मीही हसलो. बायकोने डोळे कोरडे केले, रुमालाची नीट घडी घातली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "घरी चला. भावाला फोन लावायचाय. बोलणार तुम्ही."

मी हळूच डॉक्टरांकडे वाकलो.

"डॉक्टर, रिपोर्ट पुन्हा एकदा नीट बघता का?"